काउंटीच्या सायबर सुरक्षेसाठी सरकारी अनुदान: अर्ज, स्वहिस्सा आणि कचरा डेपोवरचा काँप्युटर

रानजाई

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले होते की आमच्या काउंटीला सायबर सुरक्षेचं अनुदान मिळालं. त्यावर तिघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, त्यातले दोघे महाराष्ट्रात नगरपरिषदेत आहेत. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते.

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका लहान काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आयटी बघते. लोकसंख्या ३१ हजार. कोर्ट, शेरीफ, मालमत्ता कर, निवडणूक, रस्ते, कचरा डेपो असा पसारा, आणि आयटीत मला धरून तीन माणसं. त्यातला एक अर्धा दिवस प्रिंटरच्या मागे.

आधी पैसा कुठून येतो ते सांगते. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथे पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला. त्यात राज्यं आणि स्थानिक संस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी चार वर्षांत मिळून १ अब्ज डॉलर ठेवले: २०२२ ला २० कोटी, मग ४० कोटी, मग ३० कोटी, शेवटी १० कोटी. पैशांचा आणि कागदांचा कारभार फेमाकडे (केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था), तांत्रिक बाजू सिसाकडे (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था). गंमत अशी की काउंटीला थेट अर्ज करताच येत नाही. अर्ज राज्याने करायचा, आणि मिळालेल्यातले किमान ८० टक्के ४५ दिवसांत खाली पोचवायचे. एकूण रकमेतले २५ टक्के ५० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ग्रामीण भागाला. आम्ही त्यात बसतो. म्हणून आमचा अर्ज राज्याच्या कचेरीकडे गेला, वॉशिंग्टनला नाही.

स्वहिस्सा दरवर्षी वाढत जातो: पहिल्या वर्षी १० टक्के, मग २०, ३०, ४०. हेतू उघड आहे, सरकार हळूहळू हात काढून घेणार. आम्ही २०२३ च्या वाट्यातून मागितले, म्हणजे २० टक्के. आणि माझी पहिली चूक इथेच झाली. मागणी ६० हजार डॉलरची होती, मी त्याचे २० टक्के काढून १२ हजार लिहिले. पण टक्केवारी एकूण प्रकल्पखर्चावर धरायची असते, मागितलेल्या रकमेवर नाही. ६० हजार हे ८० टक्के, म्हणून एकूण ७५ हजार आणि आमचा हिस्सा १५ हजार. अर्ज परत आला. इंजिनिअरिंगची डिग्री भिंतीवर लटकवून ठेवलेल्या बाईकडून ही चूक झाली, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते.

दुसऱ्या चुकीने जास्त वेळ खाल्ला. अर्जात मी अँटिव्हायरसचं नूतनीकरणही टाकलं होतं. ते आम्ही दरवर्षी स्वतःच्या बजेटमधून करतोच. उत्तर आलं, चालणार नाही. आधी जे स्वतःच्या पैशांतून करत होतात त्याच्या जागी हे पैसे वापरता येत नाहीत. नवीन काही करा. हॅकरनी यंत्रं कुलूपबंद करून मागितलेली खंडणी भरायला, सायबर विम्याचा हप्ता भरायला किंवा बांधकामालाही हे पैसे चालत नाहीत.

जेवणाची सुट्टी संपली, बाकी रात्री लिहिते.

आगाऊ_पोपट

खंडणी भरायला चालत नाहीत म्हणजे कुणीतरी तसा अर्ज केला असणार, त्याशिवाय नियम होत नाही.

टेकडीवरून

वाचतोय. पण एक शंका. असल्या योजनांत शेवटी कन्सल्टंटचंच भलं होतं ना? आमच्या इथे स्मार्ट सिटीत बघितलंय. डॅशबोर्ड झाला, त्याचा पडदा झाला, उद्घाटन झालं.

रानजाई

टेकडीवरून, रास्त शंका आहे. आमच्याकडेही एक विक्रेता आला होता, गोड माणूस, डोनट घेऊन. "अर्ज आम्ही फुकट लिहून देतो" म्हणाला. मी जवळजवळ हो म्हणणार होते. आमच्या लेखा विभागातल्या बाईंनी अडवलं. फेडरल अनुदानाच्या खरेदी नियमांत लिहिलंय की ज्याने कामाचं स्वरूप किंवा अटी लिहून दिल्या, त्याला त्या निविदेत भाग घेता येत नाही. फुकट लिहून घेतलं असतं तर एक तर तो बाद, नाहीतर आमची सगळी खरेदी आक्षेपात. डोनट तेवढे खाल्ले.

आता अर्जाच्या आधीच्या कामाबद्दल, कारण खरं काम तेच आहे. राज्याने विचारलं, तुमच्याकडे इंटरनेटला जोडलेली किती यंत्रं आहेत? मी म्हटलं, साधारण १८०. "साधारण" चालणार नव्हतं. मग आम्ही तिघांनी तीन आठवडे इमारती पालथ्या घातल्या. आकडा निघाला २४३. सगळ्यात मोठा धक्का कचरा डेपोवर बसला. तिथे ट्रकचं वजन करायच्या काट्याला एक काँप्युटर जोडलेला, विंडोज ७ वर चालणारा, आणि त्यावर बाहेरून लॉगिन करता येत होतं, कारण काटा दुरुस्त करणाऱ्याला यायला लागू नये म्हणून कधीतरी कुणीतरी तशी सोय करून ठेवली होती. विंडोज ७ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं जानेवारी २०२० मध्येच थांबलंय. पासवर्ड काय होता ते लिहीत नाही, पण तुमच्या मनात पहिला जो आला तोच.

हे यंत्र त्याच नेटवर्कवर होतं ज्यावर निवडणूक विभागाचे टेबलावरचे काँप्युटर होते.

अर्जातला सगळ्यात जोरदार परिच्छेद मला ह्या काट्याने लिहून दिला. त्याआधीच्या मसुद्यात "सायबर धोके वाढत आहेत" छापाची दोन पानं होती. ती काढून टाकली.

वऱ्हाडी_ठेचा

रानजाई ताई, व्यनि करणाऱ्यांतला एक मीच. नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. गाव सांगत नाही, विदर्भात आहे एवढं पुरे.

आमच्याकडची अडचण वेगळीच हाय. तुमच्याकडे निदान सायबर सुरक्षा ह्या नावाने पैसा येतो. इथे १५ व्या वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. उरलेला अबंधित. त्यातून फायरवॉल (नेटवर्कमध्ये बाहेरून काय येतं ते अडवणारी यंत्रणा) घ्यावी म्हणून मी टिपणी ठेवली. लेखापाल म्हणाले, "फायरवॉल म्हणजे भिंत का? मग बांधकाम विभागाकडून येऊ द्या." मस्करी नाही, शेरा तसाच आहे फायलीवर.

पगार आणि आस्थापनेवर तो निधी खर्च करता येत नाही, आणि ते म्हणतात की लायसन्स हा आस्थापना खर्च. मी म्हणतो ही नागरिकांच्या सेवेची पायाभूत सोय. सात महिने झाले, फाइल मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे.

लीड्सकर

इंग्लंडातून थोडी भर. इथे रेडकार अँड क्लीव्हलंड कौन्सिलवर फेब्रुवारी २०२० मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. कौन्सिलने नुकसानीचा आधीचा अंदाज १ कोटी पौंडांच्या वर दिला होता. सरकारकडून मिळाले ३६ लाख ८० हजार. म्हणजे आग लागल्यावरही पैसे मिळतात, पण घर बांधून होईल एवढे नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या हॅकनी कौन्सिलवर तसाच हल्ला. तिथे घरभाड्याच्या अनुदानापासून मालमत्तेच्या चौकशांपर्यंत कामं कित्येक महिने रखडली होती.

आता इथे स्थानिक संस्थांसाठी एक मूल्यमापनाची चौकट आहे. आधी स्वतःला तपासा, पुराव्यासकट, बाकीचं पुढे. आमच्या कौन्सिलात पहिल्यांदा भरताना सगळ्यांनी सगळीकडे "साध्य" लिहिलं होतं. पुरावा जोडा म्हटल्यावर निम्म्यांनी फाइल परत मागितली.

रानजाई

लीड्सकर, अगदी तेच. आमच्याकडे एक राष्ट्रीय स्वमूल्यमापन भरावं लागतं, दरवर्षी, अनुदानाची अटच आहे. प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण. आमच्या कमिशनरसाहेबांना (काउंटी बोर्डाचे निवडून आलेले सदस्य) वाटत होतं की १ आणि २ लिहिले तर काउंटीची अब्रू जाईल, ५ लिहूया. मी म्हटलं, ५ लिहिलं तर पैसे कशाला मागताय असं विचारतील. आणि तसंही हे उत्तर वर्तमानपत्रात येत नाही. शेवटी खरंच लिहिलं. बहुतेक ठिकाणी २.

ठेचा, तुमच्या लेखापालांचा शेरा वाचून ऑफिसात एकटी हसले. पण त्यांच्या मुद्द्यात दम आहे. आमच्याकडेही हाच प्रश्न आला, दुसऱ्या वेषात. लायसन्स तीन वर्षांचं घेतलं. काउंटी बोर्डाच्या बैठकीत एका आजोबांनी, जे शेतकरी आहेत आणि ज्यांना ईमेलही नीट उघडत नाही, एकच प्रश्न विचारला: "चौथ्या वर्षी कोण भरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तयारी मी बाल्टिमोर शहराच्या उदाहरणाची केली होती. २०१९ मध्ये तिथे हल्लेखोरांनी १३ बिटकॉइन मागितले, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७६ हजार डॉलर. शहराने दिले नाहीत, आणि निस्तरायचा खर्च धरून नुकसानीचा अंदाज गेला १ कोटी ८० लाखांच्या घरात. आजोबा म्हणाले, "आपण बाल्टिमोर नाही." तेही खरंच.

मग टेक्सासचं सांगितलं. ऑगस्ट २०१९, एकाच सकाळी २२ स्थानिक संस्थांचे काँप्युटर रॅन्समवेअरने बंद, त्यांत कितीतरी आमच्यापेक्षाही लहान गावं. कारण काय, तर त्यांचं तांत्रिक काम एकाच बाहेरच्या कंपनीकडे होतं आणि चोर त्या कंपनीच्याच किल्ल्या घेऊन आत शिरले. हे ऐकल्यावर आजोबा गप्प झाले, कारण आमच्याही मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी बघते, आणि त्या कंपनीकडे आमची किल्ली आहे.

पण चौथ्या वर्षाचा प्रश्न काही त्यामुळे सुटला नाही. बोर्डाने ठरावात लिहून घेतलं की दरवर्षी बजेटात एवढी रक्कम बाजूला टाकायची. ते लिहून घेतल्याशिवाय त्यांनी सही दिली नाही.

पाणवठा

मी ग्रामपंचायतीत आहे. पूर्वी ग्रामसेवक म्हणायचे, आता ग्रामपंचायत अधिकारी. पगार तोच.

तुमच्या अनुदानाच्या गोष्टी मोठ्या आहेत. आमच्याकडचा धोका सांगतो. ई-ग्रामस्वराजवरून पैसे सोडायला सरपंचाची आणि माझी अशा दोन डिजिटल सह्या लागतात. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, म्हणजे एकट्याला गडबड करता येऊ नये. प्रत्यक्षात मी दोन गावं बघायचो तेव्हा दोन्ही सह्यांचे डोंगल (डिजिटल सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे तुकडे) केंद्रचालकाच्या ड्रॉवरमध्ये, आणि पिन लिहिलेली चिठ्ठी डोंगलला रबरबँडने बांधलेली. चार डोंगल, चार चिठ्ठ्या. पोरगा प्रामाणिक होता म्हणून निभावलं.

हे बंद करायला एक रुपया लागत नाही. मी माझा डोंगल खिशात ठेवायला लागलो तर सरपंचबाईंचे मिस्टर रागावले, "आमच्यावर विश्वास नाही का?"

आगाऊ_पोपट

सरपंचबाईंचे मिस्टर ही स्वतंत्र सायबर असुरक्षितता आहे. त्यावर कुठलंच अनुदान नाही.

मोरपंखी

पाणवठा, पिन बदलल्यात का मग?

पाणवठा

माझी बदलली. त्यांची त्यांनी बदलायची.

रानजाई

पाणवठा, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस विचार करत होते. आमच्या अर्जात एक अट होती, ठरावीक किंवा कंपनीने दिलेले पासवर्ड बंद करा. त्यासाठी आम्ही पैसे मागायला निघालो होतो. राज्याच्या माणसाने विचारलं, यात खर्च काय? खरंच नव्हता. तसंच दुहेरी पडताळणीचं, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड किंवा तसं काही दुसरं द्यायचं. आम्ही जी ईमेल सेवा आधीपासून विकत घेत होतो तिच्यातच ती सोय होती, फक्त चालू केलेली नव्हती. सरकारी डॉट गव्ह डोमेन २०२१ पासून फुकट मिळतं, आम्ही तरी डॉट ऑर्ग चालवत बसलो होतो. सिसा बाहेरून तुमच्या यंत्रांची भोकं तपासून दर आठवड्याला अहवाल पाठवते, तेही फुकट. अनुदानाचे पैसे शेवटी गेले ते ह्या पडताळणीच्या किल्ल्यांवर (शेरीफच्या लोकांना ड्यूटीवर खाजगी फोन वापरायचा नाही, म्हणून त्यांना यूएसबीला लावायच्या छोट्या किल्ल्या दिल्या), प्रत्येक यंत्रावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि वेगळ्या जागी ठेवायच्या बॅकअपवर.

बॅकअपसाठी कोर्टाच्या तळघरात एक रॅक बसवायचा होता. इमारत १८८० च्या दशकातली. भिंतीला चार भोकं पाडायची, तर पर्यावरण आणि ऐतिहासिक वारशाची तपासणी आधी, काम नंतर. उंदरांनी त्या भिंतीला आधीच पाडलेल्या भोकांचे फोटोही मी जोडले. रॅक शेवटी जमिनीवर चाकांवर उभा केला. चाकांना परवानगी लागली नाही.

टेकडीवरून

एकूण किती महिने?

रानजाई

पहिल्या मसुद्यापासून पैसे हातात यायला चौदा. आणि "हातात" म्हणजे आमच्या राज्यात आधी आपण खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग परत मिळतात. लहान काउंटीला ७५ हजार आधी बाहेर काढणं सोपं नाही. पाच आठवडे तर नुसते अर्जाला लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकात गेले, कारण आमच्याच कचेरीने जुनी नोंदणी जुन्या पत्त्यावर ठेवली होती. स्वहिश्शाचे १५ हजार सगळे रोख नव्हते. आमच्या तिघांचे त्या कामावरचे तास धरता आले. पण तासांचा हिशेब रोजच्या रोज ठेवावा लागतो, महिनाअखेरीला आठवून लिहिलेला चालत नाही.

आता जे सांगायला हा धागा काढला ते. पुन्हा करायचं झालं तर मी पैसे मागणार नाही, सेवा मागेन. कायद्यात सोय आहे: स्थानिक संस्थेने लेखी संमती दिली तर राज्य पैशांऐवजी वस्तू किंवा सेवा देऊ शकतं. राज्य एकत्र खरेदी करतं, दर कमी पडतो, निविदा त्यांची, पावत्या त्यांच्या, लेखापरीक्षण त्यांचं. आमच्या शेजारच्या टाउनशिपने (काउंटीहून लहान, गावपातळीची संस्था), जिथे आयटीचा माणूसच नाही, क्लार्कबाई आठवड्यातून तीन दिवस येतात, एका पानाच्या संमतीपत्रावर सही केली आणि आम्हाला मिळालं तेच सॉफ्टवेअर त्यांना आमच्या चार महिने आधी बसलं. मी मात्र "आपल्या काउंटीचा आपला प्रकल्प" म्हणून हट्ट धरला होता. तो हट्ट मला चौदा महिन्यांना पडला.

अर्थात ज्याला सेवा दिली त्याच्या हातात काही राहत नाही, हेही आहे. राज्याने उद्या बंद केली तर बंद. सायबर धोक्यांच्या माहितीची देवाणघेवाण करणारी जी संस्था आम्हाला वर्षानुवर्षं फुकट मदत करायची, तिचा सिसाबरोबरचा करार ३० सप्टेंबर २०२५ ला संपला. आता वर्गणी भरा.

मोरपंखी

पण सगळी राज्यं तरी घेतात का हे पैसे?

रानजाई

नाही. साउथ डकोटाने सुरुवातीलाच नको म्हटलं होतं. राज्यालाही आधी समिती नेमावी लागते, तीत निम्मे लोक आयटी किंवा सायबरचा अनुभव असलेले, आणि १६ मुद्द्यांचा आराखडा लिहावा लागतो. कागद वरच्यांनाही चुकत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, सेवा मागा ही गोष्ट डोक्यात बसली. आमच्याकडे अर्धी सोय तशी आहेच. वेबसाइट राज्याच्या डेटा सेंटरवर टाकायची तर सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या ऑडिटरकडून "सेफ टू होस्ट" प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय चढू देत नाहीत. पण ते झालं वेबसाइटचं. वेबसाइट चिलखत घालून उभी आणि जन्म-मृत्यू विभागाच्या टेबलावरचा काँप्युटर उघडाबोडका. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यावर ६ तासांत कळवायचं आणि लॉग (यंत्रांवर कधी काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. आमच्याकडे लॉग ठेवायला जागा नाही, आणि ६ तासांत तर साहेबांना फोन लागत नाही.

फायरवॉलची टिपणी मागे घेतो. आधी मोजदाद करतो. तुमच्यासारखी, खोली-खोली फिरून. त्याला निधी लागत नाही, लागले तर चपलाच लागतील.

रानजाई

भले. कपाटांच्या मागेही बघा. आणि आकडा इथे टाका.

वऱ्हाडी_ठेचा

अडीच आठवड्यांनी येतोय, दिवाळी मध्ये आली.

साठा रजिस्टरला ५२ संगणक. सापडले ६७. बारा निर्लेखित केलेले, म्हणजे भंगार म्हणून रजिस्टरातून काढलेले, पण कुणीतरी उचलून पुन्हा लावलेले, मस्त चालतात. तीन देणगीतले, नोंदच नाही. विंडोज ७ वाले नऊ. वायफायचा पासवर्ड गेल्या निवडणुकीपासून तोच, बाहेर चहावाल्यालाही पाठ.

एक गोष्ट समजत नाही. जन्म-मृत्यू विभागात कपाटाच्या मागे नेटवर्कचा एक लहान डबा सापडला. दिवे लुकलुकतात. कुणाचाच नाही म्हणतात. काढून टाकू का?

रानजाई

काढू नका! आधी फोटो काढा, मग त्यातून निघणारी प्रत्येक वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा.

वऱ्हाडी_ठेचा

गेलो. चार वायरी. तीन टेबलांकडे. चौथी भिंतीतून पलीकडे जाते. पलीकडे नगरपरिषदेचाच भाड्याने दिलेला गाळा आहे, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. मालक म्हणाला, "साहेब, २०१६ पासून आहे, जुन्या साहेबांनी दिली होती. नेट लै चांगलं चालते."